मुंगळ्याची पावलं

१

कोसमटोलीच्या पोरी हायस्कूलला जायच्या त्या ओळीनं, आणि ओळ अशी, की कवायत कशी असते ते बघायला पोलिसांनी यावं. सगळ्यात पुढे रुखमाबाई. ही शाळेत खिचडी शिजवणारी बाई. वय साठीच्या आसपास, आणि आवाज असा, की सावली गावच्या बसस्टँडवर तिनं हाक मारली तर ब्रह्मपुरीला निघालेली गाडी मूल फाट्यावरून रिव्हर्समध्ये परत यावी. तिच्या मागे सात पोरी, आणि शेवटी हातात बांबूची काठी घेतलेली दिव्यानी. नववीतली, रुखमाबाईची नात, अंगानं काटकुळी पण धीट.

गावापासून हमरस्त्यावरच्या शाळेपर्यंत पाऊण तासाची पायवाट. आधी धानाच्या बांध्या, भाताची खाचरं, मग बोडी, म्हणजे गावचं लहानसं तळं. तिच्या पारीवरून, त्या मातीच्या बांधावरून, उतरलं की नाल्यावरच्या रपट्यापर्यंत, म्हणजे ठेंगण्या पुलापर्यंत, दोन्ही बाजूंनी बांबू. हा बांबूचा तुकडा तीनशे पावलांचा. बाकी वाटेवर पोरी फिदीफिदी हसत चालायच्या, या तुकड्यात मात्र कुणी हसायचं नाही.

इथे मोजणी चालायची. रुखमाबाई साठ-सत्तर पावलांनी थांबायची आणि मागे न बघता ओरडायची, "मोजा वं!" आणि स्वतःच म्हणायची, "एक!" मग दोन, तीन, चार, असा आकडा पोरीपोरीतून मागे सरकत जायचा. शेवटची काठी जमिनीवर आपटून म्हणायची, "नऊ! मांगं कोणी नाई!"

हे शेवटचं वाक्य कानावर पडलं, की रुखमाबाईचा पाय उचलायचा. नाही पडलं, तर जो जिथे असेल तिथेच उभा. पळायचं नाही, बसायचं नाही, वाक्य येईपर्यंत हलायचं नाही. ही रीत मोहफुलं आणि तेंदूपानं वेचायला जाणाऱ्या बायांची. कुणी लिहून ठेवलेली नाही, पण तिथल्या लहान पोरीलासुद्धा पाढ्यांच्या आधी ती येते.

गेल्या एप्रिलात याच तुकड्यात वाघानं गावातल्या चंदाला नेलं. चंदा एकटीच मोहफुलं वेचायला गेली होती, तिची मोजणी करायला कुणी नव्हतं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कोसमटोलीच्या आठ पोरींपैकी एकही आली नाही.

२

रंजीता मॅडम त्या शाळेत गणित आणि संगणक शिकवायची. मूळची वडशाची. तिचे वडील मुखरू पेंटर, झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. जंगलाचा पडदा, राजवाड्याचा पडदा, लांब जाणाऱ्या रस्त्याचा पडदा. लहानपणी ती रंगाचे डबे ढवळून द्यायची, तेव्हा ते सांगायचे, "जवळचं उंच, लांबचं बुटकं. एवढंच हाय वं बाई, बाकी सारा रंगच रंग."

पोरी घरी बसल्या, हे तिच्या जिवाला लागलं. ती तीनदा गावात जाऊन आली. तीनदा चहा मिळाला, आणि तीनदा लोक म्हणाले, "मॅडम, बरोबर हाय तुमचं. पण वाघाले कुठी समजते, का ही पोट्टी दहावीची हाय?"

मग तिनं तो खेळ केला.

शाळेत दान म्हणून आलेले नऊ संगणक होते. इतके संथ, की बटण दाबून मुलं प्रार्थना म्हणून, हजेरी देऊन, पाणी पिऊन परत यायची तेव्हा कुठे पडद्यावर उजेड पडायचा. पण त्यात एक मोफत ॲप चालायचं. त्यात काही टाइप करायचं नसतं. मराठीत लिहिलेले रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. 'दहा पावले चला', 'उजवीकडे वळा', 'स्पर्श होत असेल तर' असे. लहान मुलांचं खेळणंच ते. पण रंजीतानं त्यातून जंगल उभं केलं, म्हणजे पडद्यावर खरोखर आत जाता येईल असं.

युक्ती साधी होती. आधी वाटेचा नकाशा काढायचा, वरून दिसतो तसा: इकडे बांबू, तिकडे बांबू, एका टोकाला बोडीची पार, दुसऱ्या टोकाला रपटा. त्या नकाशात एक मुंगळा सोडायचा. हा मुंगळा दिसत नाही. तो सरळ चालत जातो, कशाला तरी धडकला की किती पावलं झाली ते सांगतो, परत येतो, जरासा वळतो, पुन्हा सुटतो. प्रत्येक फेरीला पडद्यावर एक उभी पट्टी उमटते. पावलं कमी झाली तर पट्टी उंच, जास्त झाली तर बुटकी. अशा साठ पट्ट्या शेजारी शेजारी लागल्या, की समोर वाट दिसते, बांबू दिसतात, लांबचा रपटा दिसतो. मुखरू पेंटरचाच पडदा, फक्त ब्रशऐवजी मुंगळा.

नकाशाचं माप मात्र खरं हवं होतं. ते दिव्यानीनं आणलं. आजीबरोबर जाऊन तिनं तो तुकडा पावलांनी मोजला, लांबी-रुंदी वहीत लिहून दिली. नकाशातलं एक पाऊल म्हणजे दिव्यानीचं एक पाऊल. खेळायचं असं, की तुम्ही ओळीत शेवटचे. पुढच्याशी अंतर पडू द्यायचं नाही, हाक आली की थांबायचं, कळ दाबून 'मांगं कोणी नाई' म्हणायचं.

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये चादर बांधून, प्रोजेक्टर लावून तिनं तो सगळ्या गावाला दाखवला. दिव्यानीचा बाप लटारू पहिल्या रांगेत होता. बांबू सरसर जवळ आले तसा तो खाली वाकला, आणि अख्खा हॉल हसला.

"हसता कायले बे?" लटारू डोक्यावरची टोपी सावरत म्हणाला. "डोया फुटला असता माहा!"

शेवटी गाव तयार झालं, पण लटारूनं उभं राहून सांगितलं, "मॅडम, पोट्ट्या येतीन. पण एक बारी, एकच बारी मांगून काही आलं, का ओळ मोडली, तं माही पोरगी त्या दिवसापासून घरी. आन माही बसली का बाकीच्याही बसतीन."

"मान्य," रंजीता म्हणाली.

सामान आवरताना रुखमाबाई जवळ आली आणि कीबोर्डकडे बोट करून म्हणाली, "हे एक कळ दाबली का मांगं दिसते, ते काऊन ठेवलं?"

"खेळ आहे ना, रुखमाबाई. मागे बघता नाही आलं तर पोट्ट्यांना मजा नाही येणार."

"मांगं पाहाचं काम नाई मॅडम. मांगचीनं फक्त बोलाचं."

"काऊन? पाहिलं तर काय होते?"

"पाय अडकते. पुढची दूर जाते." रुखमाबाईनं चादरीची घडी घातली. "अजून काय होते ते कोणी पाहून सांगतलं नाई."

३

पावसाळा सरला, दिवाळी झाली, धान कापून बांध्यांत भाऱ्यांचे पुंजणे उभे राहिले. पोरी रोज येत होत्या. रंजीताला वाटत होतं, आपण जिंकलो.

रोज जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास संगणकाचा. पोरींना हाच खेळ हवा असायचा. एका गुरुवारी दिव्यानी सहा नंबरच्या संगणकावर होती. तिनं हात वर केला.

"मॅडम, मांगं एक पट्टी येते."

रंजीता तिच्या मागे जाऊन उभी राहिली. खेळातली दिव्यानी रपट्याजवळ पोचली होती. तिनं कळ दाबली, दृश्य फिरलं. तीनशे पावलांची मोकळी वाट, दोन्हीकडे बांबू, आणि शेवटी बोडीची पार, बोटभर उंचीची. सगळं ठीक. फक्त वाटेच्या मधोमध, पारीच्या अलीकडे, एक पट्टी शेजारच्या पट्ट्यांपेक्षा उंच होती. धाग्याएवढी. कोपऱ्यात मुंगळ्याची पावलं दिसायची, तिथे त्या पट्टीला आकडा होता दोनशे चौदा.

म्हणजे मुंगळा पारीपर्यंत गेलाच नव्हता. मोकळ्या वाटेत, दोनशे चौदाव्या पावलावर, तो कशाला तरी धडकून परत आला होता.

"नकाशात ठिपका पडला असेल," रंजीता म्हणाली. "ब्रश निसटला की होते असं."

तिनं नकाशा उघडला आणि मोठा करत करत इतका मोठा केला, की एक एक चौकोनी कण दिसायला लागला. वाट स्वच्छ होती. तरी तिनं खोडरबर घेऊन अख्खी वाट पुसली आणि नव्यानं रंगवली. पोरी तोंड पाडून बघत बसल्या.

"आता पाहा."

दिव्यानीनं कळ दाबली. पट्टी होती. आकडा दोनशे तेरा.

"मॅडम," दिव्यानी म्हणाली, "मघा दोनशे वीस होता."

आणखी एक गोष्ट होती, ती रंजीता पोरींसमोर बोलली नाही. बांबूला तिनं हिरवा रंग दिला होता, पारीला तपकिरी, रपट्याला राखाडी. ही पट्टी यातल्या कुठल्याच रंगाची नव्हती. बोडी आटल्यावर तळाशी जो ओला काळपट गाळ उरतो, त्या रंगाची होती. असा रंग तिनं कुठल्याच ठोकळ्यात भरला नव्हता.

४

गणिताची बाई भूत मानत नाही, ती चूक शोधते. रविवारी सकाळी रंजीता आपल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली. बाहेर लख्ख ऊन, शेजारी कुणीतरी मिरच्या वाळत घालत होतं.

तिनं ठोकळा न् ठोकळा सुटा करून पुन्हा जोडला. मुंगळा एकदम दहा पावलं टाकत असेल आणि मध्येच काही चुकत असेल, म्हणून त्याला एकेक पाऊल चालवलं. कोनाचं गणित पुन्हा केलं. मग कळ दाबली. दोनशे तीन. पुन्हा दाबली. दोनशे दोन. पाच वेळा दाबली आणि मनाशी म्हणाली, एकशे सत्त्याण्णव येईल. एकशे सत्त्याण्णवच आला.

मग तिनं नवी कोरी फाईल उघडली. नकाशा नाही, बांबू नाही, काही नाही. नुसता पांढरा चौकोन आणि त्यात मुंगळा. त्याला सोडलं. मोकळ्या मैदानात त्याला धडकायला काहीच नव्हतं, तो कडेपर्यंत जायला हवा होता.

मुंगळा परत आला. एकशे शहाण्णव.

शेजारची बाई मिरच्यांवरून कुणाला तरी हाकलत होती, "हाड! हाड!" रंजीता त्या आवाजानं दचकली आणि मग स्वतःवरच चिडली. तिनं वडिलांना फोन लावला, उगीच, आवाज ऐकावा म्हणून.

"बाबा, पडद्यावर लांबच्या रस्त्यात माणूस काढायचे का तुम्ही?"

"नाई वं. रस्ता मोकळाच ठेवा लागते," मुखरू पेंटर म्हणाले. "लांब माणूस काढला, का नाटक सोडून लोक त्याच्याकडेच पाहून राह्यते. म्हणते, हा येऊन राह्यला का जाऊन राह्यला?"

सोमवारी तिनं वर्गात विचारलं, "मागची कळ किती वेळा दाबता गं तुम्ही?"

पोरी एकमेकींकडे बघून खुदखुदल्या. नऊ संगणक, आठ पोरी, रोजचा अर्धा तास. ती पट्टी जवळ येते, हाच त्यांचा खेळ झाला होता. 'मांगं कोणी नाई' म्हणायचं सोडून त्या नुसतं मागेच बघत होत्या. सहा नंबरवर आकडा एक्केचाळीस होता. सातवर एक्केचाळीस. आठवरही. नऊच्या नऊ संगणकांवर एकच आकडा, आणि ते एकमेकांना तारेनं जोडलेलेसुद्धा नव्हते.

पट्टी आता एक नव्हती. तीन पट्ट्या झाल्या होत्या, एकीला एक लागून. जवळ आलेली गोष्ट रुंद दिसणारच, त्यात काही नवल नाही, असं रंजीतानं स्वतःला समजावलं. पण तिसरी पट्टी पहिल्या दोघींपेक्षा बुटकी होती. म्हणजे ती आणखी मागे होती.

तिनं सगळ्या संगणकांवरून मागे बघायचा ठोकळा काढून टाकला आणि खेळ पुसला. फक्त आपल्या लॅपटॉपवर एक प्रत ठेवली, तीसुद्धा कळ काढून. कोपऱ्यातला आकडा तेवढा राहिला. पस्तीस.

मंगळवारी सकाळी, कुणी काही दाबलं नसताना, तो तेहतीस होता.

५

"मॅडम, आवाज किती वेळात परत येते?" बुधवारी दिव्यानीनं गणिताच्या तासानंतर विचारलं.

"कुठला आवाज?"

"काठीचा. सकाळी म्या काठी आपटली, का मांगून एक डाव अजून येते. ठक्, मंग ठक्."

रंजीताला हायसं वाटलं. हे तर पुस्तकातलंच होतं. तिनं खडू घेतला. "तो प्रतिध्वनी. बोडीच्या पारीवर आपटून येतो. रपट्याजवळ तू उभी असशील, तर तीनशे पावलं म्हणजे साधारण दीडशे मीटर धर. जायचे दीडशे, यायचे दीडशे. आवाज एका सेकंदात तीनशे चाळीस मीटर जातो. म्हणजे एका सेकंदापेक्षा जरा कमी."

"पयले तसंच येत होतं," दिव्यानी म्हणाली. "एक म्हणेपर्यंत येत होतं. आता लगेच येते. माही काठी उचलायच्या आत."

रंजीता फळ्याकडे बघत राहिली. लगेच येतो, म्हणजे तो ज्यावर आपटून येतो ते... तिनं भागाकार मनात केला आणि डस्टरनं सगळं पुसून टाकलं.

"दिव्यानी. खरं सांग. तू वाटेत मागे बघतेस?"

पोरगी काटकुळी, पण धीट. तरी तिचे डोळे भरले.

"आधी खेळातच पाहो मॅडम. मंग सवय लागली. काठी आपटली का मान आपोआप फिरते."

"काय दिसते?"

"काहीच नाई. वाट दिसते." तिनं नाक पुसलं. "पण पारीपर्यंतची नाई दिसत. पयले दिसे."

रंजीतानं तिचा हात धरला. हे आपण शिकवलं. वाघाचं भय घालवायला खेळ केला, आणि ज्या पोरींच्या आया-आज्या पिढ्यान्‌पिढ्या मान न फिरवता त्या वाटेनं गेल्या, त्यांच्या बोटांना आपण मागे बघायची सवय लावली. आणि हे कुणाला सांगायचं? लटारूला? 'मांगून काही आलं' एवढे तीन शब्द गावात पोचले, तर त्या संध्याकाळी आठ पोरींची दप्तरं खुंटीला. दिव्यानीचं पुढच्या वर्षी लग्न. रंजीताला तारीखसुद्धा दिसायला लागली.

"आज्जीले सांगतलं?"

"नाई. ते शाळाच बंद करन."

त्या संध्याकाळी रंजीता पोरींबरोबर कोसमटोलीला मुक्कामाला गेली. मॅडम घरी आल्या म्हणून लटारूनं कोंबडी कापली. जेवताना तिनं सहज बोलल्यासारखं म्हटलं, "उद्या ओळीत शेवटी मी राहते, रुखमाबाई. दिव्यानी माझ्या पुढे."

रुखमाबाईनं घास हातातच ठेवला. तिनं नातीकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

"राहा," ती म्हणाली. "पण तुमाले त् माहीतच हाय."

"मागे पाहायचं नाही."

"मांगचीनं फक्त बोलाचं."

निजण्याआधी रंजीतानं लॅपटॉप उघडला नाही. आकडा बघायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण पहाटे दप्तर भरताना हात गेलाच. झाकण वर केलं.

दोन.

६

सकाळचे पावणेआठ. ऊन निघालं होतं, पण बोडीवर धुकं बसलेलं. पारीवरून ओळ खाली उतरली आणि बांबूत शिरली. पुढे रुखमाबाई, मग सात पोरी, मग दिव्यानी, आणि तिच्या मागे हातात काठी घेतलेली रंजीता.

ओळीत शेवटचं चालणं काय असतं, हे तिला आज कळलं. पाठीला कान फुटतात. मानेवरचे केस जणू मोजायला बसतात. बांबूची पानं गळत होती, आणि प्रत्येक पान पडताना असं वाटायचं, की कुणीतरी श्वास घेतला आणि सोडला नाही.

"मोजा वं!" पुढून आवाज आला. "एक!"

दोन, तीन, चार... आकडा मागे आला. दिव्यानी म्हणाली, "नऊ." रंजीतानं काठी आपटली. "दहा! मांगं कोणी नाई!"

ठक्, मागून आवाज आला. अगदी काठी टेकतानाच. ओळ हलली.

रंजीता पावलं मोजायला लागली. गणितानं मन थाऱ्यावर राहतं. चाळीस, एक्केचाळीस. तिच्या चपलेखाली पान चुरडलं की मागेही चुरडायचं. ती मुद्दाम थबकली. मागचंही थबकलं. बरोबर आहे, तिनं स्वतःला सांगितलं, प्रतिध्वनी म्हटला की असंच व्हायला पाहिजे. पण पानं चुरडण्याचा प्रतिध्वनी येतो का, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला नाही.

दुसरी मोजणी झाली. तिसरी झाली. रपटा जवळ आला.

दिव्यानीच्या दप्तराला नायलॉनच्या जाळीत जेवणाचा डबा लटकत होता. नवा, स्टीलचा, आरशासारखा. चालताना तो गोल गोल फिरायचा, आणि फिरता फिरता त्याचं झाकण रंजीताच्या समोर आलं. तिला बघायचं नव्हतं. पण डोळ्यांपुढे आलेलं कुणी कसं टाळायचं?

झाकणात तिचा चेहरा होता, पसरट. दोन्हीकडे बांबू, वाकलेले. मागे धुक्याचा पांढरा गोळा. आणि तिच्या कानाला लागून, झाकणाच्या वरच्या काठापासून खालच्या काठापर्यंत, एक उभी पट्टी. ओल्या गाळाच्या रंगाची. तिला वरचं टोक नव्हतं आणि खालचंही नव्हतं. जवळचं उंच, लांबचं बुटकं. आणि अगदीच जवळ आलं, की डोकं-पाय पडद्याच्या बाहेर जातात.

डबा पुढे फिरला. झाकण गेलं.

दिव्यानीची मान वळायला लागली होती. काठी आपटल्यासारखं झालं, की आपोआप. रंजीतानं हात पुढे करून तिची वेणी मुठीत धरली.

"पुढं पाह्य," ती म्हणाली. आवाज कुठून आला, तिलाच कळलं नाही. "पुढं पाह्य माय."

"मोजा वं!" रुखमाबाई थांबली. "एक!"

"दोन."

"तीन."

"चार." "पाच." "सहा."

सातव्या जागेवरच्या पोरीला खोकला आला, मग तिनं आकडा म्हटला. "आठ." दिव्यानीची वेणी अजून रंजीताच्या मुठीत होती. "नऊ."

"दहा," रंजीता म्हणाली, आणि पुढच्या वाक्यासाठी श्वास घेतला.

"अकरा," मागून कुणीतरी म्हणालं.

हळू, नीट, जसा पहिलीतला पोरगा फळ्यावरचा आकडा वाचतो तसं. रोज ऐकून ऐकून पाठ झाल्यासारखं.

ओळ उभी होती. बांबू उभे होते. आठच्या आठ पोरी त्या एका वाक्याची वाट बघत होत्या. शेवटच्यानं ते म्हणायचं असतं, ही रीत. रंजीताही वाट बघत होती. मागच्यानं म्हणावं, म्हणजे निदान तो शेवटचा तरी ठरेल. पण मागचा ते म्हणत नव्हता.

"शेवटची कोण हाय वं?" पुढून रुखमाबाईचा आवाज आला. मान न फिरवता. त्या आवाजानं बस परत आली असती, पण आज तो चिरकला होता. "बोल ना!"

एक पोरगी मुसमुसायला लागली. पुढचीनं पाय उचलला. अजून एक क्षण, आणि कुणीतरी पळणार होतं. आणि एकीनं पळ काढला की आठही जणी बांबूत आठ वाटांनी.

तेवढ्यात खूप मागून, बोडीच्या पारीकडून, धुक्यातून, कुणीतरी म्हणालं, "बारा."

रंजीतानं काठी जमिनीवर आपटली. आयुष्यात ती वर्गात इतक्या मोठ्यानं कधी ओरडली नव्हती.

"मांगं कोणी नाई!"

पुढे रुखमाबाईचा पाय उचलला. मग दुसरीचा, तिसरीचा. दिव्यानीचा. रंजीताचा.

ओळ शाळेकडे चालायला लागली. अख्खी.